तुमचा डॉक्टर पितो कशाला?

वाचकाचे पत्र:

मी एका ब्लॅक कॉमेडीची पटकथा लिहितेय. नायक सर्जन आहे. हात सोन्याचा, माणूस वाया गेलेला. पितो, ज्युनिअरांचा पाणउतारा करतो, नर्सेसच्या मागे लागतो, औषध कंपन्यांच्या पैशावर परदेशवाऱ्या करतो. 118 पानांचा खर्डा पाच जणांना वाचायला दिला. तिघे म्हणाले, हा माणूस आवडत नाही. एकाने विचारले, हे विनोदी आहे ना? निर्मात्याचे म्हणणे असे की पूर्वी त्याची लहान मुलगी त्याच्याच टेबलावर गेली असे दाखवा, म्हणजे सहानुभूती मिळेल. मला ते पटत नाही, पण दुसरे काही सुचतही नाही. नायक किती वाईट असलेला चालतो? पेशंट मरत असताना हसवायचे कसे? शेवटी त्याला शिक्षा द्यायची की सुधारायचे? आणि पटकथा कुणा डॉक्टरला दाखवावी का? खर्डा सोबत जोडला आहे.
– खर्ड्यात अडकलेली

उत्तर:

खर्डा वाचला. पहिली तीस पाने संपल्यावर एक खोडी केली. जिथे जिथे तुमच्या डॉक्टरच्या हातात दारूचा ग्लास आहे, तिथे पाण्याचा ठेवला आणि पुन्हा वाचून पाहिले. काहीच बिघडले नाही. एकही प्रसंग कोसळला नाही, एकही पेशंट वेगळ्या कारणाने मेला किंवा वाचला नाही. मग तो पितो कशाला? बिघडलेला नायक म्हटला की हातात ग्लास हवा, हे आपण सगळ्यांनीच कुठे कुठे पाहून ठेवलेय, म्हणून. ज्युनिअरांवर खेकसणे, नर्सेस, परदेशवाऱ्या, सगळ्यांना हीच परीक्षा लावा. हे सारे ड्युटी संपल्यानंतरचे दोष आहेत. टेबलापाशी उभा राहिला की तुमचा सर्जन एकदम धुतल्या तांदळासारखा.

'आवडत नाही' म्हणणाऱ्या तिघांना त्याच्या वाईटपणाचा त्रास झाला असेल असे मला वाटत नाही. वाईट माणसाकडे आपण टक लावून बघतो. पण याच्या वाईटपणाची किंमत कथेत कुणीच मोजत नाही, तो स्वतःसुद्धा नाही. फुकटच्या वाईटपणाचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला असे तोंडावर सांगणे बरे दिसत नाही म्हणून लोक 'आवडला नाही' म्हणतात. तेव्हा किती वाईट चालतो, या प्रश्नाला माझ्याकडे माप नाही. त्याचा दोष निर्णयाच्या क्षणी आडवा येतो का, एवढेच मी बघते.

आता पान 43. तुम्ही ते बहुधा दोन मोठ्या प्रसंगांमधली जागा भरायला लिहिलेत, कारण पुढे त्याचा उल्लेखही नाही. ऑपरेशन फसलेय, म्हातारा पेशंट टेबलावरच गेलाय. डॉक्टर बाहेर येतो. बाकावरचा मुलगा उठून उभा राहतो. डॉक्टर त्याच्याकडे बघतो, म्हणतो, "अजून आत आहेत," आणि जिना उतरून निघून जातो. मुलगा पुन्हा बसतो. मांडीवर बापाच्या चष्म्याची डबी. बऱ्याच वेळाने एक ज्युनिअर येतो. सरांनी सांगितलेच असणार असे धरून तो विचारतो, "मग, न्यायची काय व्यवस्था केलीत?" मुलगा म्हणतो, "गाडी सांगून ठेवलीय. पुढच्या सीटवर बसवलं तर चालेल ना?"

इथे मी मोठ्याने हसले आणि पाठोपाठ लाज वाटली. तुम्ही 118 पाने जे शोधताय ते या एका पानावर तुम्हाला आधीच सापडले आहे.

नीट बघा, त्या पानावर तुमचा डॉक्टर उद्धट नाही, प्यायलेला नाही, बाईच्या मागे नाही. पोट उघडून आतडी हाताळणारा हा माणूस, त्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघून तीन शब्द बोलता येत नाहीत: तुमचे वडील गेले. हा घ्या त्याचा दोष. हा एकच ठेवा, बाकीचे चारही काढून टाका. मग बघा काय काय मिळते. असा डॉक्टर लोकांना नकोसा कशाला होईल? उलट तो लाडका असणार. 'आमचे डॉक्टर कधी घाबरवत नाहीत' म्हणून पेशंट दुसऱ्या पेशंटला त्याचे नाव सांगणार. ज्युनिअर त्याच्यासारखे व्हायला बघणार. उद्धट पण प्रतिभावान डॉक्टर पडद्यावर इतका वापरून झालाय की प्रेक्षक त्याचे टोमणे त्याच्याआधी म्हणतील. गोड बोलून माणसे बुडवणारा अजून बराच ताजा आहे.

आता त्याला कामाला लावा. वाईट बातमी कशी सांगावी, यासाठी 2000 साली सहा पायऱ्यांची एक पद्धत प्रसिद्ध झाली. तिला 'स्पाइक्स' म्हणतात. ती कर्करोगाच्या पेशंटसाठी आखली होती, पण आता इतरही विभागांत शिकवतात. एकांत बघून बसा, पेशंटला किती कळलेय ते काढून घ्या, किती ऐकायचेय ते विचारा, मग साध्या शब्दांत सांगा, त्याच्या भावनेला वेळ द्या, शेवटी पुढचे काय ते ठरवा. तुमच्या डॉक्टरला हा विषय शिकवायला लावा. खोट्या पेशंटसमोर तो असा काही करून दाखवतो की विद्यार्थ्यांचे डोळे पाणावतात. आणि त्याच दुपारी, खऱ्या पेशंटपाशी, पहिल्या तीन पायऱ्या बिनचूक चढून चौथीवर पोचतो आणि म्हणतो, "तर, तब्येत आता सुधारतेय." पेशंट म्हणतो, "मग मुलीला परदेशातून बोलवायला नको ना?" तो म्हणतो, "छे छे." तुमची पुढची दहा पाने त्या 'छे छे'वर चालतील.

पण अख्खा चित्रपट पेलायचा तर एक मोठे खोटे लागेल. ते तुमच्या सर्जनच्या धंद्यातच तयार आहे. पोट बंद करण्याआधी सिस्टर मॉप, म्हणजे आत रक्त टिपायला वापरलेले कापडी तुकडे, मोजते. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. कमी भरला तर बादल्या उपसतात, जमीन बघतात, पेशंटवरच्या चादरी झटकतात, तरीही नाही सापडला तर एक्स-रे काढतात. त्यासाठीच मॉपमध्ये एक्स-रेवर पांढरी दिसणारी पट्टी किंवा दोरा असतो. इतके करूनही मॉप आत राहतात, आणि अशा नोंदलेल्या बऱ्याच प्रकरणांत मोजणी 'बरोबर' अशीच लिहिलेली सापडते. हा तपशील पटकथेसाठी सोन्याचा आहे. त्या दिवशी कुणीच नशेत नव्हते, कुणीच झोपले नव्हते, कागद स्वच्छ आहे. फक्त काही आठवड्यांनी एका एक्स-रेवर पांढरी रेघ दिसते आणि ती पहिल्यांदा बघणारा तुमचा डॉक्टर असतो. तोही खोलीत एकटा.

आता त्याला एक वाक्य बोलायचे आहे, आणि वाक्य बोलणे तर जमत नाही. म्हणून तो पुन्हा पोट उघडायचे ठरवतो, 'खबरदारी म्हणून'. खबरदारी म्हणजे कशाची, यासाठी एक छोटा आजार शोधतो. आजार शोधला म्हणून पेशंट घाबरतो. घाबरला म्हणून डॉक्टर त्याला धीर देतो, आणि धीर देण्यात तर त्याचा हातखंडा. पेशंट इतका भारावतो की भावालाही घेऊन येतो: "ह्याचंही पोट बघा, आमच्यात असणारच." आता टेबलावर दोन माणसे आहेत आणि मॉप एक. प्रत्येक खोटे आधीच्यापेक्षा थोडेसे जास्त आणि प्रत्येकाला कारण सयुक्तिक, हा उतार नीट बांधा. एकदम मोठी उडी मारू देऊ नका. प्रेक्षकाला दर वेळी वाटले पाहिजे की याच्या जागी मीही एवढे केले असते.

आणि या उताराच्या तळाशी काय आहे बघा. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक यादी काढली. 19 मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी, पेशंटला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्याआधी. दुसऱ्या थांब्यावर खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, आणि पेशंट कोण, कुठे कापायचे, कोणते ऑपरेशन करायचे हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर यांनी मोठ्याने बोलून पक्के करायचे. दोन जागा आहेत इथे. वर्षानुवर्षे शेजारी उभ्या राहणाऱ्या भूलतज्ज्ञाचे नाव त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळते, ही हशाची. दुसरी तुमची खरी. अख्खा चित्रपटभर जे वाक्य तो टाळत आलाय, ते त्याला यादी बोलायला लावते, तोंडावर मास्क, हातात सुरी, आणि भोवती सगळे गप्प. तो काय बोलतो ते मी सांगणार नाही, ते तुमचे काम.

त्याच्या दोषाचे आणि गुणाचे मूळ एकच ठेवा. तुमच्या खर्ड्यात हात सोन्याचा आणि माणूस वाया गेलेला असे दोन वेगळे कप्पे आहेत, खऱ्या माणसांत ते नसतात. विल्यम हॉल्स्टेड हा अमेरिकन सर्जन बघा. 1884 मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो असे कळल्यावर त्याने आणि सहकाऱ्यांनी ते स्वतःच्या नसांवर टोचून पाहिले. त्यातून अंगाचा एखादा भाग बधिर करण्याची पद्धत पुढे आली, आणि हॉल्स्टेड व्यसनी झाला. 1885 मध्ये त्याने कोकेनच्या वापरावर आणि गैरवापरावर एक लेख लिहिला. त्याचे पहिलेच वाक्य इतके भरकटलेले आहे की वाचताना अंगावर काटा येतो आणि हसूही येते. उपचारात कोकेनच्या जागी मॉर्फीन हे वेदनाशामक आले आणि त्याचेही व्यसन पुढे अनेक वर्षे राहिले.

आता एखादा पटकथाकार काय करेल? थरथरते हात दाखवेल. प्रत्यक्षात हॉल्स्टेड संथ, हळुवार, कमालीचा काटेकोर सर्जन म्हणून नावाजला गेला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा पहिला शस्त्रक्रिया प्रमुख झाला. जंतुनाशकाने थिएटरमधल्या एका नर्सचे हात सोलवटले म्हणून त्याने रबराचे पातळ हातमोजे बनवून घेतले, आणि 1890 मध्ये तिच्याशीच लग्न केले. त्याच्या सहकाऱ्याने मॉर्फीनची गोष्ट लिहून बंद ठेवली होती, ती 1969 मध्ये उघड झाली, हॉल्स्टेड जाऊन 47 वर्षे झाल्यावर. बघा, हातमोजे आणि सुई एकाच माणसाच्या हातात. जो माणूस स्वतःवर आधी टोचून बघतो तोच व्यसनात सापडतो, आणि तोच हातमोजेही करवून घेतो. तुम्हाला दारू ठेवायचीच असेल तर अशी ठेवा, की ती त्याच्या कामाच्या पोटातून आली पाहिजे.

खोटे बोलण्याची कारागिरी शिकायला मात्र वर्नर फॉर्समनकडे जा. 1929, जर्मनी, शिकाऊ सर्जन. हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेता येते हे त्याला सिद्ध करायचे होते. वरिष्ठाने साफ नकार दिला. निर्जंतुक साहित्याच्या किल्ल्या एका नर्सकडे होत्या. त्याने तिला पटवले, इतके की ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलाला बांधले, तिच्या हाताची तयारी करण्याचे नाटक केले आणि तेवढ्यात स्वतःच्या हाताची शीर उघडून नळी आत सरकवली. मग तिला सोडवून, नळी तशीच ठेवून, दोघे एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेले. 1956 मध्ये याच कामाला नोबेल मिळाले. आणि हाच माणूस 1932 मध्ये नाझी पक्षात गेला, हेही विसरू नका. त्याच्या धाडसाकडे बघून मन मोठे होते न होते तोच ते आखडते.

त्या प्रसंगात मला सगळ्यात जास्त काय आवडते सांगू? टेबलाला बांधलेली नर्स. तिला सगळे दिसतेय आणि हलता येत नाही. तुमच्या चित्रपटात असे कुणीतरी हवे. मॉप मोजणारी सिस्टर घ्या. तिच्या मोजणीच्या कागदावर तिची सही आहे, म्हणजे तोही तिला बांधूनच ठेवतोय. तुमच्या खर्ड्यात तिला चार संवाद आहेत आणि चारही 'येस सर'च्या जातीचे. तिला डॉक्टरइतकीच हुशार करा, आणि त्याच्यापेक्षा थोडी थंड डोक्याची.

हसवायचे कसे? पान 43 वर तुम्ही हसवलेच आहे, फक्त कसे ते ओळखा. तो मुलगा मूर्ख नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढ्यावरून त्याने अगदी बरोबर निष्कर्ष काढला. तो आजारावर किंवा मरणावर विनोद करत नाही, पुढच्या सीटची व्यवस्था बघतोय. हसू येते ते त्याला माहीत असलेल्या आणि आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींमधल्या अंतरामुळे, आणि ते अंतर डॉक्टरने पाडले आहे. म्हणून हशाचा रोख आपोआप डॉक्टरवर जातो. पान 61 वर मात्र तुमचे ज्युनिअर एका लठ्ठ पेशंटच्या पोटावरून विनोद करतात. तिथे मला काहीच वाटले नाही, हसूही नाही आणि रागही नाही. दवाखान्यात असे विनोद होतात, हे खरे. दार बंद करून, दमलेली माणसे करतात. ते ठेवायचे असतील तर एकच ठेवा आणि तो नेमका ज्याने ऐकू नये त्याला ऐकू जाऊ द्या. बाकी पेशंटांना स्वतःचे बेत द्या, हट्ट द्या, डॉक्टरपेक्षा चांगले टोमणे द्या.

वैद्यकातले तपशील अचूक ठेवा, कारण प्रेक्षकाने आधी विश्वास ठेवला तरच तो नंतर हसेल. पान 77 वर मॉनिटरची रेघ सरळ होते आणि तुमचा डॉक्टर शॉक देतो. सरळ रेघेला शॉक देत नाहीत. छाती दाबतात, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि ते दिसायला अजिबात सुंदर नसते. 1996 मध्ये अमेरिकेतल्या काही टीव्ही मालिकांची मोजदाद झाली, तेव्हा छाती दाबलेल्यांपैकी 75 टक्के पेशंट तिथल्या तिथे जिवंत होताना आढळले. खऱ्या दवाखान्यात हा आकडा फार खाली असतो. यातून चिमूटभर विनोदही निघेल: नातेवाइकाने मालिका पाहिलेल्या आहेत, तो चमत्काराची वाट बघत उभा आहे, आणि तुमच्या डॉक्टरला तर नाही म्हणता येत नाही.

निर्मात्याच्या मेलेल्या मुलीबद्दल. नको. भूतकाळातले दुःख आणले की प्रेक्षक त्याला माफ करून टाकतो, आणि माफ केलेल्या माणसाकडे कुणी लक्ष देऊन बघत नाही. शिवाय ती मुलगी पडद्यावर कुठेच नसेल, ती फक्त एका संवादापुरती मरेल. सहानुभूती हवी असेल तर पहिल्या दहा मिनिटांत त्याला काम करताना दाखवा. आपल्या कामात तरबेज असलेल्या माणसाच्या मागे प्रेक्षक बऱ्याच वाईट ठिकाणी जायला तयार होतो. घाबरलेल्या पेशंटचा हात धरून तो दोन मिनिटांत त्याला शांत करतो, असा प्रसंग लिहा. तो खरेच चांगला असू दे. याच हाताने पुढे काय काय होणार ते आपल्याला अजून माहीत नाही. निर्मात्याला सांगा की हाच सहानुभूतीचा प्रसंग आहे आणि त्याला लहान मुलगी शोधण्याचा खर्चही नाही.

शिक्षा की सुधारणा, या दोन्ही वाटा मला या माणसाला फार स्वच्छ वाटतात. अमेरिकेतल्या वॉल्टर फ्रीमनचा शेवट आठवा. 1946 पासून तो डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार घालून मेंदूतले धागे कापायचा, हजारो माणसांवर त्याने लोबोटॉमी केली. 1967 मध्ये एक पेशंट दगावली आणि त्याला शस्त्रक्रिया करायची बंदी झाली. मग त्याने काय करावे? गाडी काढली आणि देशभर फिरून आपल्या जुन्या पेशंटांना भेटत सुटला, ते कसे छान चाललेत हे बघायला आणि दाखवायला. त्याला शिक्षाही झाली होती आणि तो सुधारलाही नव्हता. माणसाला जी गोष्ट कळायला हवी ती सोडून तो बाकी सगळे करतो, हा शेवट कोणत्याही तुरुंगापेक्षा कडक आहे. तुमच्या डॉक्टरने थिएटरमधल्या त्या थांब्यावर खरे बोलून टाकले, तरी त्यानंतर तो बाहेर येऊन पेशंटच्या भावाला काय सांगतो, यावर मी चित्रपट संपवीन. पण मी म्हणजे तुम्ही नाही.

शेवटचा प्रश्न. पटकथा सर्जनला दाखवाच, पण त्याच्याआधी थिएटरमध्ये बरीच वर्षे काढलेल्या एखाद्या सिस्टरला दाखवा. सर्जन तुम्हाला आजार दुरुस्त करून देईल. सिस्टर सांगेल की कोण कुठे उभे असते, कोण कुणाला नावाने हाक मारते, मॉप कमी भरला की पहिल्यांदा कोण कुणाकडे बघते आणि खोलीतले गाणे कोण बंद करते. तिला तुमचे मत देऊ नका, पान 43 द्या आणि विचारा, अशा वेळी बाहेर नक्की कोण जाते? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपून घ्या, आणि तिची किंवा तिच्या कुठल्याही पेशंटची ओळख पटेल असे काहीही कागदावर राहू देऊ नका. मग दुसरा खर्डा पाठवा. 90 पानांच्या वर गेलात तर मी ग्लास मोजायला पुन्हा सुरुवात करीन.